लाल चिंधी, हिरवी चिंधी

गेल्या शनिवारी माझ्या अतिहुशारीपायी बाबांच्या डोक्यावरची सावली जाता जाता वाचली...

कासारवाडीत आमच्या अंगणात एक मोठा कडुनिंब आहे, बाबांनीच लावलेला. त्याची एक फांदी बाबांच्या खुर्चीवर आणि दोन थेट शेजारच्या मंगलकाकूंच्या टेरेसवर.

त्या दोन फांद्यांवरून दोन वर्षं धुसफूस चालू होती. पाल्यानं टेरेसचा पाइप तुंबायचा आणि काकूंच्या बेडरूममध्ये ओल यायची. यंदा तर वाळत घातलेल्या कुरडयांवर सगळा फुलोरा पडला... त्या दिवसापासून आमचं बोलणंच बंद.

चूक आमचीच होती हो. शेवटी महापालिकेची परवानगी काढली आणि फांद्या तोडणाऱ्या सोपानदादांना शनिवारी बोलावलं. नेमकी माझी फर्स्ट शिफ्ट!

मी चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्याकडे लाल म्हणजे रिजेक्ट, हिरवा म्हणजे ओके. म्हणून आदल्या दिवशी शिडी लावून काकूंकडच्या दोन फांद्यांना लाल चिंधी बांधली, बाबांच्या फांदीला हिरवी. दादांना फोनवर सांगितलं, "खूण केलीय, बघून कापा." स्वतःवर काय खूश होते मी!

आता गंमत ऐका. सोपानदादांनी वर चढून लाल चिंध्या पाहिल्या आणि हातच जोडले. त्यांच्या गावात झाडाला लाल फडकं म्हणजे देवीचा नवस, त्याला करवत लावायची नाही. मग खूण केलेली राहिली कुठली... तर हिरवी!

बाबा तेव्हा आंघोळीला गेलेले. तसंही त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे बाहेर काय चाललंय याचा पत्ताच नाही.

दादांनी करवत लावली मात्र, टेरेसवरून काकू ओरडल्या, "अहो, ती नको! तिच्याखाली भाऊ बसतात!" आणि अनवाणी धावत येऊन बाबांच्या खुर्चीतच बसल्या. भाऊंची लेक कंपनीतून येईपर्यंत मी उठत नाही म्हणाल्या. मला फोन करायचा ना... पण नाही, बोलणं बंद होतं ना आमचं!

चार वाजता घरी येऊन बघते तर काकू खुर्चीत, बाबा स्टुलावर आणि सोपानदादांचा तिसरा चहा चाललेला. सगळा घोळ उलगडल्यावर दादांनी कपाळावर हात मारला. "लाल कापायची व्हय? मंग आदी सांगायचं न्हाई का, ताई!"

बाबांच्या फांदीवर करवतीचा बोटभर वण होता. तो पाहून मला रडूच फुटलं. खरं सांगते, फार लाज वाटली स्वतःची.

संध्याकाळपर्यंत काकूंकडच्या दोन्ही फांद्या उतरल्या, पाइपही साफ करून घेतला. काकू घरी जायला निघाल्या तेव्हा मी विचारलं, काकू, खाली बाबांची खुर्ची आहे हे तुम्हाला वरून पाल्यातून दिसतं तरी कसं?

"दिसतंय कुठं? रोज सकाळी सहाला तिथूनच भाऊंचा रेडिओ लागतो की गं."

बाबांचा रेडिओ म्हणजे अर्ध्या गल्लीला जाग. आणि मला एकदम आठवलं... दोन वर्षांत काकूंनी पाल्याची तक्रार केली, ओलीची केली, कुरडयांवरून तर गल्ली डोक्यावर घेतली.

रेडिओची एकदाही केली नाही.