ग्रीक मास्तरांची पेन्सिल

ग्रीक मास्तर ग्रीसला कधी गेले नव्हते. मुंबईच्या कलाशाळेत चार वर्षं काढली, तेवढाच त्यांचा परदेश. तिथं एका ग्रीक तरुणाचं प्लॅस्टरचं डोकं होतं. ते त्यांनी मातीत इतक्यांदा घडवलं की मित्रांनी हे नाव ठेवलं आणि ते त्यांच्यामागून मंगळवार पेठेतही आलं. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना ते त्यांचं आडनावच वाटायचं.

डाव्या कानावर कायम पिवळ्या पेन्सिलीचं थोटूक. तेच ते आपल्या पुतळ्यांच्या कारखान्यात शोधत फिरायचे. मग आतून त्यांच्या बायको, आमच्या काकू, ओरडायच्या, “कानाव हाय!”

पहिलं मोठं काम एका दिवंगत पैलवानाच्या पुतळ्याचं. मास्तरांनी जीव ओतला. पैलवानाची आई आली, पुतळ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “मास्तर, पोरगा झ्याक हाय की! पर कुणाचा?”

कुस्तीत मोडलेले कान मास्तरांनी त्या ग्रीक पोरासारखे सरळ केले होते. “चार वर्षांत जे कळलं न्हाय, ते म्हातारीनं उभ्या उभ्या शिकीवलं,” असं ते हाताखाली शिकणाऱ्या आम्हा पोरांना पुन्हा पुन्हा सांगत.

तेव्हापासून पुतळा सांगायला कुणी आलं की मास्तर म्हणायचे, “फोटू ऱ्हाऊ द्या पावणं. खोड काय हुती ते सांगा.” गेलेल्या माणसाला नावं कशी ठेवायची म्हणून लोक आधी लाजायचे. चहा झाला की तक्रारींना ऊत यायचा, आणि तक्रारी सांगता सांगताच डोळ्यांना पदर लागायचे. मास्तर माती मळत राहायचे.

मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं होते. मी घडवलेल्या नाकांना ते बटाटे म्हणत. “पोरी, देखणं कुणीबी करतंय. खोड जपायला जिगर लागत्या.”

गेल्या वर्षी मास्तर गेले. काकूंनी त्यांचा पुतळा मलाच करायला सांगितला. नीट जमला नाही तर मास्तर दुसऱ्यांदा जातील, अशी धास्ती घेऊन मी दोन महिने खपले.

काकू आल्या. पुतळ्याभोवती एक फेरी मारली. मग कमरेची पिशवी सोडून त्यांनी ते पिवळं थोटूक काढलं आणि मातीच्या कानावर ठेवलं. ते घसरून खाली पडलं.

“ह्यांचा कान कुठं गेला गं?”

चाळीस वर्षं पेन्सिल वागवून मास्तरांचा कान सुपासारखा पुढं आला होता. मी तो नीटनेटका केला होता. मायेपोटीच केला होता, पण चूक तीच. मला रडू आवरेना. तशीच माती ओली केली आणि कान पुढं ओढला.

या वेळी पेन्सिल राहिली.

“आता बघ, च्या मागतील,” काकू म्हणाल्या आणि खरंच चहा टाकायला आत गेल्या.