चित्रकलेच्या वर्गातले आंबे

सहदेव तांबे सर तसे सोशिक होते. रत्नागिरीतल्या त्या हायस्कुलात चित्रकला शिक्षकाला काय किंमत आहे, हे त्यांना रुजू झाल्याझाल्याच कळलं होतं. मंत्री आला की कमान त्यांनी रंगवायची, चेअरमनच्या पुतणीचं लग्न निघालं की थर्माकोलची अक्षरं त्यांनीच कापायची आणि गणिताचा भाग मागे राहिला की तास हमखास त्यांचाच जायचा. लांज्याकडच्या एका बौद्धवाडीतून निघून मुंबईत चित्रकला शिकलेला हा माणूस हे सगळं मुकाट करायचा, कारण वरच्या मजल्यावर त्याच्या वर्गाला एक स्वतंत्र खोली मिळाली होती.

१९८४ साली त्या खोलीत आठवीच्या मुलांनी एक मोठं काम केलं. घरातलं एखादं माणूस काम करताना बघून काढायचं, असं सरांनी सांगितलं होतं. राही नावाच्या मुलीने आपल्या आईला, सोनूबाईला काढलं. बांगडे कापताना पदर खोचलेला, तोंड करारी. मे महिन्याच्या सुट्टीनंतर शाळा सुरू झाली की पालकांना बोलावून सगळी चित्रं लावायची ठरलं. ती कपाटावर नीट रचून सर सुट्टीत गावी गेले.

जूनमध्ये त्यांनी दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावून मागे सरले. जमिनीवर काळं पडलेलं गवत, त्यात फुटलेले, सडलेले हापूस. रस बाकांखाली ओघळून चिकट झाला होता आणि त्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. कपाटावर काहीच नव्हतं.

"गंगारामशेठच्या पेट्या होत्या इथं," लवू शिपाई म्हणाला. शेठ म्हणजे शाळेचे चेअरमन, आंब्याचे बडे व्यापारी. "चावी हेडसरांनी दिलानी. डागी आंबे टाकून गेले ते."

"आणि चित्रं?"

लवू खाली बघत म्हणाला, "गवत कमी पडला ना सर. पेट्यांत घालून मुंबयला पाठवलानी ती."

सर तसेच हेडमास्तरांकडे गेले. हेडमास्तर चहा पीत होते.

"कागदच ना तांबे? पुन्हा काढतील पोरं. शेठ आहेत म्हणून शाळेवर पत्रे आहेत."

दुसऱ्या दिवशी शेठ स्वतः आले. सोबत गडी आणि आंब्यांची पेटी. "शेवटच्या तोडीचे आहेत, मास्तर. घरी न्या, बायकोमुलांना घाला. राग सोडा."

शेठनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. ज्याच्या माणसांनी मुलांची चित्रं पेट्यांच्या तळाला अंथरली, त्याचाच हा हात. सरांनी खांदा सोडवून घेतला आणि पेटीला हात लावला नाही.

खोली झाडायला निघालेल्या लवूला त्यांनी थांबवलं. आठवीतून नववीत आलेल्या त्याच मुलांना नाकाला फडकी बांधून दारात नि गॅलरीत बसवलं. "जे दिसतंय ते काढा. सुंदर करू नका." मुलांनी फुटलेली सालं काढली, माश्या काढल्या. एक पोरगा ओकारी आली म्हणून उठला, तोंड धुऊन पुन्हा येऊन बसला. मग खोली धुतली गेली.

पालक ठरल्या दिवशी आले. भिंतीवर ओळीने कुजके आंबे बघून पुढच्या खुर्चीतले शेठ हसले, "वा, आमचाच माल!" मास्तर मंडळीही हसली. तेवढ्यात सोनूबाईने विचारलं, "सर, माझा चित्र खंय लावलाव?"

"ते इथे नाही, सोनूबाई. शेठच्या माणसांनी आंब्यांखाली घालून मुंबईला पाठवलं. सगळ्याच मुलांची चित्रं पाठवली."

ती मासळीची पाटी घेऊन बाजारात बसणारी बाई. आवाज चढवायची तिला गरज नव्हती. "माझ्या तोंडावर आंबे रचलास होय रे?" तिने शेठला तोंडावर विचारलं.

कुणी हसलं नाही. शेठ चष्मा पुसत उठले नि निघून गेले. हेडमास्तर त्यांच्या मागे धावले. पालक मात्र खोलीतच राहिले आणि आपापल्या पोराचं चित्र विचारू लागले. सरांनी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं.

दिवाळीआधी सरांची बदली झाली, त्याच संस्थेच्या संगमेश्वराकडच्या शाळेत. तिथे वर्गखोली नव्हती, व्हरांडा होता. निरोपाला एकही मास्तर आला नाही. एकाने तर वाटेत गाठून सल्ला दिला, "पेटी घेतली असतीत तर?" सर त्याला ओलांडून एसटीकडे निघाले.

पुढे काही वर्षांनी शेठ वारले, हेडमास्तर बदलले आणि नव्या हेडमास्तरांनी सरांना परत बोलावलं. खोली रंगवून ठेवली होती. सर वर गेले, चारी भिंती पाहिल्या. मग शिक्षकांच्या खोलीत आले. तिथे तेच जुने चेहरे होते. उठून, हात पुढे करून, "या, या तांबे सर!" म्हणत होते.

"खोली छान झालीय," सर म्हणाले. "पण तुमच्यात बसणं मला जमायचं नाही."

दुपारच्या एसटीने ते आपल्या व्हरांड्याकडे परत गेले.