बेटावर पाळलेला कडकडीत संप

आयुष्यात मी एकदाच मित्रांबरोबर सुट्टीवर गेलो, आणि त्या सुट्टीतून मला माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी दोरी टाकून बाहेर काढलं.

गिरणीचा संप लागून तीन-चार महिने झाले होते. लालबागच्या आमच्या चाळीत पुरुषमाणसं दिवसाढवळ्या दिसायला लागली, तेव्हा बायकांना आधी बरं वाटलं आणि मग अडचण व्हायला लागली. गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांपेक्षा पुरुष जास्त! आमची आई तर केर काढताना मलाही झाडूने थोडा पुढे सरकवायची.

अशात एक दिवस गंप्या सलूनमधून धावत आला. हा गंप्या म्हणजे गणपत, गिरणीत माझ्या शेजारच्या मागावर काम करणारा.

"बाळ्या, सलूनमधलं नवीन कॅलेंडर बघितलंस? निळं पाणी, वाकडा माड आणि खाली एक गोरा बाप्या आडवा पडलाय. त्याचा पण संपच चाललाय रे! पण बघ कसा मजेत!"

तिथे धर्मा बसला होता. धर्मा शीव कोळीवाड्याचा, आमच्याच खात्यातला. तो म्हणाला, "त्यात काय? माझ्या मामाची होडी हाय भाऊच्या धक्क्याला. बंदरात पुढं एक बेट हाय, माड पण हायेत चार. येताव रविवारी?"

गंप्या लगेच तयार झाला. माझी मात्र एक अडचण होती. त्याच रविवारी संध्याकाळी पाच वाजता सुनंदाचे वडील मला बघायला येणार होते.

सुनंदाला मी परळला मावशीकडे एकदाच पाहिलं होतं. तिने मला पाणी आणून दिलं आणि मी ते शर्टावर सांडलं. ती हसली. मला ती मनापासून आवडली होती, आणि मावशीच्या सांगण्यावरून तिलाही मी चालण्यासारखा वाटलो होतो (शर्ट भिजवूनसुद्धा!). पण तिचे वडील, पेडणेकर, माझगावच्या गोदीत लाँच चालवायचे. कायमची नोकरी, कडक स्वभाव. संपावरच्या मुलाला मुलगी द्यायची की नाही, हे ते त्या संध्याकाळी ठरवणार होते. माझा फोटो त्यांच्याकडे गेला होता, पण आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"दोन वाजता परत येऊ," धर्मा म्हणाला. "साबण लावून आंघोळ कर, पावडर लाव, पायजे तर झोप काढ."

आईला मी सभेला जातो म्हणून सांगितलं. ती घावणे आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याच्या तयारीत होती. "पाचाच्या आधी ये हां मेल्या," ती म्हणाली, "नायतर तुझ्या वाट्याच्या घावण्यांबरोबर सोयरीक पण जायत."

सकाळी दहाच्या सुमारास भरतीच्या पाण्यावर आम्ही बेटाला लागलो. बेट म्हणजे आमच्या चाळीच्या चौकाएवढी वाळू, मागे झुडपं आणि खरोखरच चार माड! त्यातला एक वाकडासुद्धा होता. गंप्या त्याच्याखाली जाऊन कॅलेंडरातल्यासारखा आडवा झाला. फरक इतकाच, की कॅलेंडरातल्या माणसाने पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि वर गंजीफ्रॉक घातलेला नव्हता.

पाणी कोमट, वारा मस्त. आम्ही डुंबलो, खेकड्यांमागे धावलो, धर्माने आणलेले तळलेले बोंबील खाल्ले. इतके महिने आम्ही रिकामे होतो, पण आराम असा तो आत्ता मिळत होता. रिकामं बसणं आणि आराम करणं यातला फरक मला त्या दिवशी कळला. त्याच आनंदात मी उठून उभा राहिलो आणि बोंबलाचा काटा हातात धरून ठराव मांडला.

"मित्रांनो! आज या बेटावर कडकडीत संप! कोणी काडी इकडची तिकडे करायची नाही. जो काम करील तो फुटीर!"

"मंजूर!" गंप्या झोपूनच ओरडला. ठराव एकमताने पास झाला. (धर्मा तेव्हा पाण्यात होता.)

बाराच्या सुमाराला धर्मा येऊन म्हणाला, "ओहोटी लागली. होडी खोल पाण्यात न्यायला पायजे. चला, दोघं हात लावा. मला एकट्याला नाय ढकलवत."

मी एक डोळा उघडला. "हे काम आहे का, धर्मा?"

"काम नाय तर काय?"

"मग जमणार नाही. ठराव झालाय."

"अरे, कसला ठराव? पाणी चाललंय!"

"गिरणीमालक पण असंच म्हणतो. एवढं एकच काम करा! आज होडी ढकलशील, उद्या माग चालवशील. फुटीर!"

गंप्याने झोपल्या झोपल्या घोषणा दिली, "फुटीरांचा..." "धिक्कार असो!" मी पूर्ण केली. धर्माने दोनदा एकट्याने जोर लावून पाहिला. होडी हलली नाही. मग तोही चिडून आमच्याशेजारी येऊन झोपला. "मरा! बाळ्या, लगीन तुझं हाय, माझं नाय!"

मी जागा झालो तेव्हा समुद्र नव्हता.

म्हणजे होता, पण बराच लांब गेला होता. आमच्या आणि त्याच्यामध्ये काळा, चकचकीत चिखल पसरला होता आणि त्या चिखलात आमची होडी पाटावर बसल्यासारखी बसली होती.

"धर्मा! पाणी कधी येणार?"

"सात वाजतील," धर्मा शांतपणे म्हणाला. "तोपर्यंत संप चालू ठेव."

त्यानंतर मी जेवढं काम केलं तेवढं गिरणीत कधी केलं नव्हतं. ठराव मांडणारा मीच, आणि होडीला पहिला खांदा लावणाराही मीच. जोर लावला की होडी जागच्या जागी आणि मी गुडघाभर खाली! गंप्या मला काढायला आला आणि तोंडावर आपटला. त्याला काढायला मी वाकलो आणि त्याच्यावर आपटलो. थोड्या वेळात आम्हा दोघांत गंप्या कोणता आणि मी कोणता, हे धर्मालाही सांगता येईना.

तेवढ्यात लांब पाण्यात एक लाँच दिसली. मी शर्ट काढून फिरवायला लागलो. "ओ, थांबा! पाचच्या आत लालबाग गाठायचंय हो!" लाँच थांबली. चिखलात तिला जवळ येता येईना, म्हणून त्यांनी दोरी फेकली. मी कमरेएवढ्या चिखलातून, अर्धा चालत आणि अर्धा पोहत निघालो. मागून गंप्या. धर्मा मामाची होडी सोडून यायला तयार नव्हता. उलट तो कधी नव्हे इतका खुशीत आमच्याकडे बघत बसला होता.

लाँचवर पांढऱ्या मिशांचा, खाकी कपड्यातला एक माणूस उभा होता. त्याने आम्हाला वर ओढलं आणि विचारलं, "कुठले रे?"

"लालबागचे."

"अरे वा! आज पाचला मी पण लालबागला येतोय. सावंतांकडे, मुलगा बघायला."

सावंत म्हणजे आम्हीच, आणि हे म्हणजे पेडणेकर! मुंबई बंदरात इतक्या लाँचा, आणि माझ्या नशिबाला नेमकी हीच!

"नाव काय तुझं?" त्यांनी मला विचारलं.

"गणपत," मी म्हणालो.

"आणि तुझं?"

गंप्याने माझ्याकडे पाहिलं, लाँचकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी पण गणपत."

"छान," पेडणेकर म्हणाले. "हे पाणी घ्या, तोंडं धुवा."

"नको!" मी इतक्या जोरात ओरडलो की सुकाणूवरचा खलाशी दचकला. "म्हणजे... चिखल अंगाला चांगला असतो. उष्णता ओढतो!"

वाटेत त्यांनी विचारलं, होडी रुतलीच कशी? मी डोळ्यांनी गप्प राहण्याच्या हजार खुणा केल्या, पण गंप्याने ठरावापासून धिक्कारापर्यंत सगळी हकिगत साभिनय सांगितली. पेडणेकर हसले नाहीत. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आमच्या घरी सगळे म्हणतात, संपवाल्याला मुलगी देऊ नका. पोर मात्र म्हणते, करीन तर त्याच्याशीच."

ते ऐकून मला इतका आनंद झाला की त्या सगळ्या चिखलात माझे बत्तीसच्या बत्तीस दात चमकले. मी घाईघाईने तोंड मिटून घेतलं.

पाचला दहा कमी असताना मी घरी पोचलो. आईने मला ओळखलं नाही. तिने आधी दारच लावून घेतलं. मग नळाखाली, साबण, दगड, पुन्हा साबण! पाच वाजून पाच मिनिटांनी मी पांढरा शर्ट, पावडर आणि टोमॅटोसारखं भाजलेलं तोंड घेऊन पेडणेकरांसमोर बसलो होतो.

त्यांनी घावणा मोडला, सांबाऱ्यात बुडवला, खाल्ला.

"सांबारं झकास," ते आईला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "गणपत, कानामागे चिखल अजून राहिलाय."

"गणपत कोण?" आई म्हणाली.

पेडणेकरांनी खिशातून माझा फोटो काढून पाटावर ठेवला. "महिनाभर घेऊन फिरतोय. 'पाचच्या आत लालबाग' म्हणून ओरडत लाँचवर चढलास तेव्हाच ओळखलं मी."

मी मान खाली घातली. संपलं सगळं, असं वाटलं.

"ठराव तुझा मूर्खपणाचा होता," ते म्हणाले. "पण माझ्या पोरीसाठी पाचच्या आत पोचायचं म्हणून कमरेभर चिखलातून आलास, हे मी डोळ्यांनी बघितलं. गोदीतली माझी माणसं पगार घेऊन एवढी चालत नाहीत. तारीख काढा."

आई रडली, गंप्या दाराबाहेर नाचला. रात्री आठला धर्मा माझी चप्पल घेऊन आला आणि तिथेच उरलेले सगळे घावणे संपवून गेला.

गिरणी काही माझ्यासाठी परत उघडली नाही. पुढे परळच्या एका दवाखान्यात मी लिफ्ट चालवली, संसार झाला, मुलं मोठी झाली. बेटाची हकिगत मात्र वडिलांनी मुलीला लग्नाआधीच सांगून ठेवली होती. त्यामुळे आजही मी दुपारी पेपर तोंडावर घेऊन आडवा झालो, की सुनंदा स्वयंपाकघरातून एवढंच म्हणते, "अहो, ओहोटी लागली!" आणि मी धडपडत उठतो, पिशवी घेतो, दळण आणतो, भाजी आणतो, सिलिंडर सरकवतो. इतक्या वर्षांत भरती आल्याचं तिने मला एकदाही कळवलेलं नाही!