गोमाजीने पुसलेली धूळ

कोलशेतच्या कोळीवाड्यात जन्मलेल्या माणसाने होडी सोडून पेन्सिल धरावी, यावरून गावाने गोमाजीला पुष्कळ टोमणे मारले. पुढे खाडीत कारखान्यांचं पाणी आलं, मासळी आटली, तेव्हा तेच गाव गप्प बसलं. गोमाजी तोवर ठाण्याच्या एका फोटो स्टुडिओत रिटचर म्हणून मुरला होता. रिटचर म्हणजे फोटोतली खोट काढणारा. खालून दिवा लावलेल्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, डोळ्याला भिंग लावायचं आणि अणकुचीदार पेन्सिलीने चेहऱ्यावरचे खड्डे, सुरकुत्या, डाग बुजवायचे. जिथे नको तिथे पांढरं उमटणार असेल, तर निगेटिव्हची तेवढी जागा पात्याने अलगद खरवडायची. कितीतरी पोरींची लग्नं गोमाजीच्या पेन्सिलीने जमवली, असं मालक सांगायचे, आणि ते काही खोटं नव्हतं.

त्याच्या बायकोच्या, मालूच्या तोंडावर लहानपणच्या देवीचे व्रण होते. गोमाजीने हौसेने तिचा फोटो काढवला, मान मोडून एकेक व्रण बुजवला आणि फोटो घरी नेऊन तिच्या हातात ठेवला. मालूने तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "ही कोन?"

गोमाजीला वाटलं, बायको थट्टा करतेय. तो पोट धरून हसला. ती हसली नाही, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही, गाढव कुठला!

मालू गेली. मूलबाळ नव्हतं. तोच फोटो हार घालून भिंतीवर लागला. मग रंगीत फोटोंची चलती झाली आणि पेन्सिलीला कोणी विचारेना. मालक भला माणूस, त्यांनी जुना माणूस म्हणून गोमाजीला मागच्या खोलीत बसू दिलं, एवढंच. दिवस दिवस त्याच्याशी कोणी अवाक्षर बोलत नसे. घरी जावं तर तिथेही भिंतच. घर नुसतं खायला उठायचं.

बोलायला यायचा तो एकटा सुधीर. डोंबिवलीचा राहणारा, ठाण्याच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायचा आणि आकाशाचं वेड घेऊन फिरायचा. चंद्राचे, ग्रहणांचे काळेपांढरे फोटो मोठे करून घ्यायला तो यायचा, स्टुलावर बसून चहा प्यायचा आणि ताऱ्यांचं काहीबाही सांगायचा. त्यातलं निम्मंअधिक गोमाजीच्या डोक्यावरून जायचं. पण समोर बसून कोणीतरी आपल्याशी बोलतंय, एवढ्यानेच त्याला भरून पावल्यासारखं वाटायचं. सुधीर येणार म्हटलं की तो धुतलेला सदरा घालायचा.

एकदा सुधीर घाईघाईत आला. परदेशातल्या मोठ्या दुर्बिणीवर काम करणाऱ्या मित्राने त्याला एक निगेटिव्ह पाठवली होती. कॉलेजच्या प्रदर्शनात लावायला तिचा मोठा फोटो हवा होता. एकच आहे, जपा, एवढं सांगून तो तासाला पळाला.

गोमाजीने निगेटिव्ह दिव्यावर धरली. मधोमध एक गोल टिकली आणि तिच्या दोन्ही बाजूंना तिरका पसरलेला धुरकट डाग. बुरशी असेल, नाहीतर कॅमेऱ्यात उजेड शिरला असेल. एवढी मोठी दुर्बीण, आणि निगेटिव्ह ही अशी गबाळी! सुधीरसरांना खूश करायचंच, असं त्याने ठरवलं. कित्येक वर्षांनी हाताला खरं काम आलं होतं. त्याने पातं घेतलं आणि श्वास रोखून तो डाग कणाकणाने खरवडून काढला. हात तसूभरही हलला नाही.

सुधीरने फोटो उलगडला आणि घाईने निगेटिव्ह उचलून दिव्यावर धरून पाहिली.

"काका, तो डाग नव्हता," तो म्हणाला. "त्याच्यासाठीच तर फोटो काढला होता."

मग त्याने हळूहळू सांगितलं. त्या टिकलीमागचा तारा तरुण होता. त्याच्या झगझगाटात जवळचं काही दिसत नाही, म्हणून कॅमेऱ्यात छोटी चकती बसवून त्यालाच झाकायचं आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात फोटो घ्यायचा. मग भोवतीची धूळ दिसते. त्या धुळीतूनच पुढे ग्रह घडतात, आपली पृथ्वीसुद्धा तशीच घडली. आधी सांगायला हवं होतं, चूक माझीच, असं म्हणून सुधीर गेला.

तो पुन्हा आला नाही. रागावला, की गोमाजीला अवघड वाटू नये म्हणून टाळत राहिला, देव जाणे. गोमाजी रोज स्टूल पुसून ठेवायचा. चहावाला दोन कप ठेवायला लागला की त्याला एकच ठेव म्हणून सांगायचा.

एका संध्याकाळी घरी भिंतीवरच्या फोटोसमोर तो उभा राहिला. गोरंगोमटं, गुळगुळीत तोंड. मालूचे व्रण नक्की कुठे होते, ते त्याला आठवेना. कपाळावर किती, गालावर कुठे? एवढी वर्षं जिच्यासोबत काढली, तिचं तोंड आठवेना. तो लहान पोरासारखा रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने स्टुडिओच्या कपाटातून तिची निगेटिव्ह शोधून काढली. खरवडलेलं परत येत नाही, पण इथे त्याने पेन्सिलच चालवली होती, आणि पेन्सिल टर्पेंटाइनने निघते. त्याने कापसाचा बोळा भिजवून निगेटिव्हवर हलकेच फिरवला.

डार्करूमच्या लाल दिव्याखाली, ट्रेमधल्या रसायनात नव्या कागदावर आधी डोळे आले, मग नाक, आणि मग गालावर, हनुवटीवर, भुवईच्या वर एकेक व्रण उमटत गेला. मालूचा प्रश्न त्याला स्पष्ट ऐकू आला.

"ही तू," गोमाजी ओल्या कागदाला म्हणाला. ते ऐकायला खोलीत कोणी नव्हतं.