वरचे चार अनारसे

साताऱ्याहून सांगलीला माझी दर आठवड्याला खेप व्हायची; कधी नातवाचं जावळ, कधी भाचीचं केळवण. कंडक्टर बहुधा तोच. तिकीट फाडताना विचारायचा, “आबा, आज काय कार्य?” गाडी बंद पडली, की आपणच ठरवल्यासारखं सांगायचा, “उतरा, पाय मोकळे करा.”

अधिक महिन्यात मी जावयाला वाण द्यायला निघालो होतो. मांडीवर हिनं केलेल्या तेहतीस अनारशांचा डबा होता. कराडच्या पुढं गाडी बंद पडली. उन्हानं पोरं रडायला लागली, म्हणून मी चार अनारसे वाटून टाकले. वाणाला तेहतीसच लागतात, हे नंतर आठवलं.

माझा चेहरा बघून कंडक्टरनं पिशवीतनं डबा काढला. कराडच्या थांब्यावर त्याच्या सासूनं तो दिला होता. “आवं घ्या. मी बी जावईच हाय, पर माझं कोण मोजतंय?” चार अनारसे त्यानं माझ्या डब्यात वर रचले.

जेवताना जावई म्हणाले, “वरचे अनारसे काय खुसखुशीत झालेत. आईंना सांगा.”

घरी येऊन मी सांगितलं. ही म्हणाली, “तीन दिवस तांदूळ भिजवले होते, उगीच नाही.”

पुढच्या खेपेला हे कंडक्टरला ऐकवलं. तो खूश झाला, मग हळूच म्हणाला, “आबा, कराडात गाडी थांबल्यावर तेवढं बोलू नका.”