कोरडी कुंडी आणि मालिनीबाईंचा तांब्या

"बाई, आधी तो तांब्या खाली ठेवा!" मी जिन्यातूनच ओरडलो.

ठाकूरद्वारच्या वाडीत, गॅलरीतल्या कुंड्यांना मालिनीबाई पाणी घालत होत्या. दिवाळी होऊन गेलेली. लिलीची पानं पिवळी पडली म्हणून आमच्या दादरच्या नर्सरीत त्यांनीच निरोप धाडला होता. तिन्ही कुंड्या त्यांच्या मुलाच्या, अरविंदच्या. तो संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला गेला होता. जाताना एवढंच म्हणाला, आई, माझ्या लिलीकडे बघ. बाई बघत होत्या. सकाळी तुळशीला पाणी घातलं की त्याच तांब्यातलं लिलीला. नेमाने.

ही लाल लिली उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलते. फुलं गेली की नुसता दांडा कापायचा, पानांना हात लावायचा नाही. पावसाळाभर पानं कमावतात आणि मातीतल्या कंदात साठवतात. इथवर अरविंदने सगळं चोख केलं होतं. पुढे पानं पिवळी पडतात, तो रोग नव्हे. कंद झोपायला निघालेला असतो. आम्ही त्याला रेस्ट म्हणतो. तेव्हा पाणी बंद, नाहीतर कंद कुजलाच म्हणून समजा.

मी माती उकरली. पहिला कंद बोटाखाली पिचला. दुसऱ्याचा तर वासच आला. तिसरा टणक! म्हटलं, बाई, हा जिवंत आहे, आता शिमग्यापर्यंत याला थेंबसुद्धा नको.

"पोरगा तिकडे जेवला की नाही मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या, "आणि त्याची कुंडी मी कोरडी ठेवू?"

मी घरातल्या कांद्या-लसणाचे दाखले दिले, कोरडे ठेवले तरी टिकतात आणि वेळ आली की कोंब धरतात. बाई मान डोलवत होत्या, पण तांब्या काही सोडत नव्हत्या. माझी पाठ वळली की ओतणार, हे उघड दिसत होतं.

नर्सरीत परतलो तर आमचा शेठ म्हणाला, कुंडी उचलून इथे आण. मी म्हटलं, शेठ, मुलगा सरकारने नेला, आता झाड आपण न्यायचं?

दुसऱ्या दिवशी कळ्यांनी लगडलेली शेवंती घेऊन गेलो. सांगितलं, ही अरविंदच्या नावाने वाढवा, हिला रोज पाणी लागतं, एक दिवस चुकलात तर मान टाकेल. लिलीची कुंडी गॅलरीच्या कोपऱ्यात आडवी निजवली. आडव्या कुंडीत पाणी ओतायचं म्हटलं तरी ओतता येत नाही.

मग काही ना काही निमित्त काढून मी त्या वाडीत जातच राहिलो. शेवंती फुलली, बाई खूश. शिमग्याच्या आसपास गेलो तर कंदातून पोपटाच्या चोचीसारखी कळी डोकावत होती! मी आनंदाने असा ओरडलो की शेजारीपाजारी बाहेर आले. कुंडी उभी केली. पहिलं पाणी बाईंनी घातलं आणि घालता घालता रडल्या.

अरविंद सुटून आला तेव्हा चार फुलं उमलली होती, लालबुंद. पोरगा हाडकला होता. कुंडीजवळ बसला, मग इकडेतिकडे पाहून म्हणाला, "आई, तीन होत्या ना?"

"दोन मी मारल्या," बाई म्हणाल्या. "रोज तुझी आठवण यायची, रोज पाणी घातलं."

अरविंद आईचा हात धरून तसाच बसून राहिला. मीही चहाला न थांबता खाली उतरलो.

पुढे नोकरी होती तोवर लिलीचा कंद विकताना रोज पाणी पिणारं एखादं झाड मी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचोच. शेठला वाटायचं, माणूस धंद्यात हुशार झाला.