सोडलं का?

आमच्या प्रयोगशाळेत सकाळी कुणी नमस्कार करत नाही, "सोडलं का?" असंच विचारतात. नखाएवढ्या चिपवर जिवंत पेशी ठेवलेल्या असतात. एखादीनं रसायन सोडलं की पडद्यावरच्या सरळ रेषेत सुळका उठतो. तीन दिवस रेषा सपाट आहे आणि या पेशी संध्याकाळपर्यंतच टिकतील.

आईचा फोन आला. "आवाज असा का गं?"

"काही नाही."

पेशींच्या पोटातलं काढायला आम्ही एवढी खटपट करतो आणि आईला दोन शब्दांत कटवतो. फोन ठेवून मी टेबलावर कपाळ टेकलं.

"सोडलं!" शेजारच्या सुनीताताई ओरडल्या. खरंच सुळका उठला होता.

"पेशींनी नाही. माझा धक्का लागला."

ताईंनी पडदा सोडून माझ्याकडे पाहिलं.

"मग तू तरी बोल."